आक्काच्या पत्रातल्या चौदा ओळी

गावातली सगळी मंडळी एकाच माळ्यावर मावायची, त्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली ही गोष्ट. प्रभूचं नाव घेणारे लोक तेव्हा थोडे होते, विखुरलेले होते, आणि एका गावच्या मंडळीला दुसऱ्या गावची खबर मिळायची ती फक्त पत्रांतून. पत्र आलं की आठवडाभर दुसरा विषय नसे.

हा माळा एका दोरवाल्याचा. खाली तागाचं कोठार, त्याला लागून दोर वळायची लांबलचक पडवी, चांगली ऐंशी पावलांची, आणि वर हा माळा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी, कामाला लागायच्या आधी, दहाबारा माणसं इथे जमत, प्रार्थना करत, प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खात. खाली उतरताना सगळ्यांच्या कपड्यांना तागाचे तंतू चिकटलेले असत. कोण कोण प्रार्थनेला गेलं होतं हे गल्लीला विचारावं लागत नसे.

दोरवाला पन्नाशीचा, रुंद पंजाचा, तोंडाने फटकळ आणि मनाने त्याहून बराच मऊ. ते मऊपण तो लपवून ठेवायचा आणि त्याला वाटायचं, कुणाला कळत नाही. मंडळीत वाचता येणारा तो एकटाच, म्हणून सगळे त्याला ‘वाचक’ म्हणत. ही विद्या त्याला बेचाळिसाव्या वर्षी आली. तेव्हा जहाजांची शिडं शिवणारी एक विधवा बाई गावात राहायची. लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत. तिनेच ही मंडळी उभी केली आणि तिनेच याला, हा आढेवेढे घेत असताना, मेणाच्या पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं. पुढे आक्का बोटीने सहा दिवसांवरच्या दुसऱ्या बंदरात गेली, तिथली मंडळी सांभाळायला, आणि तिथून तिची पत्रं येऊ लागली. वाचक प्रत्येक ओळीखाली बोट धरून, घसा खाकरत, घाम पुसत ती वाचायचा. वाचून झालं की त्याला अशी भूक लागायची, जशी दिवसभर दोर वळूनही लागत नसे.

पत्रांचे नेम मात्र कडक होते. मोहोर सगळ्यांसमोर फोडायची. आधी कुणी एकट्याने वाचायचं नाही, वाचकानेसुद्धा नाही. शब्द सगळ्यांच्या कानी एकदमच पडले पाहिजेत. नंतर वाचकाने पत्राची जशीच्या तशी नक्कल करायची आणि ती पुढच्या गावी धाडायची. पत्र आणणाऱ्याने वाचकाशेजारी उभं राहायचं, काही कळलं नाही तर लोकांनी त्याला विचारायचं. बोट बुडाली, पत्र भिजलं तरी निरोप पोहोचावा म्हणून आक्का त्याच्याकडून अख्खं पत्र तोंडपाठ करून घेई. आणि शेवटचा नेम असा, की पत्रात आणणाऱ्याविषयी चार शब्द असलेच पाहिजेत: हा आपला माणूस आहे, याला घरात घ्या. ते नसतील तर त्याला पाणी द्यायचं आणि वाट दाखवायची. हा नेम तेलवाल्यामुळे झाला. कुणी एक गोडबोल्या त्याच्याकडे बंधू म्हणून महिनाभर जेवला आणि जाताना तेलाचे दोन बुधले घेऊन गेला. “बुधले परत आले नाहीत, पण नेम आला,” असं लोहार म्हणायचा, आणि तेलवाला तोंड फिरवायचा.

तर त्या सकाळी प्रार्थना नुकतीच संपली होती. जिन्यावर पावलं वाजली आणि आक्काची मोहोर असलेली गुंडाळी हातात घेऊन एक माणूस वर आला. उन्हाने रापलेला, ओझी वाहून वाहून पाठीत वाकलेला. वाचकाच्या बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला हात टेकला. तो वाचकाचा सख्खा धाकटा भाऊ होता. अकरा वर्षांनी येत होता.

त्याची हकिगत माळ्यावरच्या सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी एका जहाजमालकाने दोघा भावांना मोठं काम दिलं होतं: मनगटाएवढे जाड चाळीस दोरखंड, आणि ताग घ्यायला आगाऊ रक्कम. रक्कम आणायला धाकटा गेला आणि गेला तो गेलाच. जहाजमालक दारात आला तेव्हा दोरवाल्याने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. पदरचा ताग घालून चार वर्षांत चाळीसच्या चाळीस दोरखंड त्याने वळून दिले, फुकट. दोर वळायला दोघं लागतात. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कमरेला ताग गुंडाळून, तंतू सोडत सोडत, उलट्या पावलांनी मागे जायचं. चाक धाकट्याचं होतं. तो गेल्यावर ते त्याच्या वहिनीने हातात घेतलं, आणि पुढे तसंच चालू राहिलं. दिवसभर नवरा तिच्याकडे तोंड करून तिच्यापासून लांब जायचा आणि परत यायचा. भांडण निघालंच तर तो साठ पावलांपलीकडे गेला की ऐकू येईनासं व्हायचं, आणि परत येईपर्यंत दोघंही अर्धं विसरलेली असायची. त्यांचा संसार सुखाचा होण्यात त्या पडवीच्या लांबीचा मोठाच वाटा होता.

धाकट्याने मान खाली घालून गुंडाळी पुढे केली. वाचकाने ती त्याच्याकडे न बघता घेतली, मोहोर फोडली, खिडकीपाशी उजेडाला गेला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

कृपा आणि शांती, मग सुईणमावशीच्या गुडघ्याची चौकशी, मग तेलवाल्याला सबुरीचा सल्ला, मग दुष्काळात सापडलेल्या एका मंडळीसाठी धान्य जमवायची विनंती. वाचकाचा आवाज हळूहळू लागत गेला. मध्येच त्याचं लक्ष शेजारी गेलं. धाकट्याचे ओठ हलत होते. पाठ केलेलं पत्र तो वाचकाबरोबर मनातल्या मनात म्हणत होता, शब्दाला शब्द.

पुढची ओळ होती: ‘आता हे पत्र घेऊन जो आलाय त्याच्याविषयी.’

वाचकाचे कान तापले. म्हणजे आक्कासुद्धा! अकरा वर्षं हा तोंड काळं करून बसतो, आणि आता आक्काच्या पदराआड लपून, सगळ्यांसमोर, माझ्याच माळ्यावर, माझ्याच तोंडून माफी वदवून घेणार! एवढाच विचार त्याच्या डोक्यात आला, आणि पाठांतराचा नेम तेवढ्यापुरता पार विसरला गेला. त्याचं बोट सरळ खाली उतरलं. चौदा ओळी त्याने ओलांडल्या आणि खणखणीत आवाजात वाचलं, “इथल्या सर्वांचा तुम्हां सर्वांना सलाम.”

धाकट्याचे ओठ उघडे राहिले. मग मिटले. आणि सलाम सुरू झाल्यावर पुन्हा हलू लागले, बरोबर त्याच शब्दापासून. वाचकाने ते पाहिलं आणि पाठांतराचा नेम त्याला आठवला.

“झालं?” सुईणमावशी म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती नेहमी पुढे बसायची आणि सगळ्यांपेक्षा जोरात बोलायची. “आक्काचं पत्र एवढंसं? आणि या पोराबद्दल काहीच नाही?”

“नाही,” वाचक म्हणाला.

माळ्यावर कुजबुज झाली. लोहाराने तेलवाल्याकडे पाहिलं. मावशी तिथल्या तिथे वळली. “तू सांग रे. तुझं पाठ असेल ना? काही राहिलंय का?”

वाचकाला वाटलं, आता संपलं. सगळ्या गावासमोर आपण खोटे पडणार, आणि पाडणार कोण, तर हा!

“वाचकाने वाचलं तेच पत्र, मावशी,” धाकटा म्हणाला.

“काय म्हणाला?” मावशीने विचारलं.

“काही नाही म्हणाला,” लोहार ओरडला.

मग नेम तो नेम. वाचकाच्या बायकोने धाकट्याला पाणी दिलं. तो उभ्या उभ्या पाणी प्यायला, त्याने भांडं उपडं ठेवलं आणि भाकर मोडायच्या आधी तो जिना उतरून गेला. आक्काच्या बंदराला परत जाणारी बोट दुपारी सुटायची होती.

मंडळी पांगली. वाचक नक्कल करायला खिडकीशी बसला. बोरू तासला, शाई ढवळली, पुन्हा बोरू तासला.

“आक्का विसरली म्हणायची,” भांडी आवरता आवरता बायको म्हणाली.

“काय विसरली?”

“मावशीचा गुडघा आठवला. तेलवाला आठवला. आणि सहा दिवसांच्या वाटेवर ज्याला धाडलं तो तेवढा विसरली.”

“म्हातारी झालीय ती.”

“हो का,” ती म्हणाली आणि खाली निघून गेली. तिच्या ‘हो का’ला काय उत्तर द्यायचं हे वाचकाला लग्नाच्या चोवीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

त्याने लिहायला घेतलं. गुडघा झाला, सबुरी झाली, धान्य झालं, आणि बोरू त्या ओळीपाशी येऊन थांबला. नकलेतही गाळावं की काय? त्याने खरंच विचार केला. पण वाचताना गाळणं एक आणि लिहिताना गाळणं एक. एक अक्षर राहिलं म्हणून आक्काने एकदा त्याच्याकडून अख्खी पाटी पुन्हा लिहून घेतली होती, आणि ती भीती त्याच्या हाताला अजून होती. नक्कल करायची म्हणजे प्रत्येक शब्द वाचणं आलं. त्याने वाचला.

‘आता हे पत्र घेऊन जो आलाय त्याच्याविषयी. वाचका, इथे थांबू नकोस. थांबशील हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते. हा तुझा भाऊ. त्याने तुझं जे नेलं ते नेलं. नेलंच नाही असं मी कुणाला म्हणू देणार नाही, आणि तोही म्हणत नाही. चार वर्षं झाली, तो इथल्या धक्क्यावर गोण्या वाहतो आणि निम्मी मजुरी माझ्याकडे आणून ठेवतो. ते पैसे मी मुद्दामच त्याच्याबरोबर दिलेले नाहीत. पैसे आधी आले असते तर तू ते मोजले असतेस, हिशेब मिटला असता आणि भाऊ दाराबाहेरच राहिला असता. म्हणून आधी भाऊ धाडते आहे. प्रभूने आपल्याला घरात घेतलं तेव्हा आपण काय फेडून आत आलो होतो? आणि एक. तू अक्षरं शिकलास तेव्हा मला सारखा विचारायचास, आक्का, याचं मी काय देणं लागतो? मी म्हणायचे, वेळ आली की सांगेन. आता सांगते. हा एवढा भाग सगळ्यांसमोर वाच, मावशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग तुझं देणं फिटलं.’

वाचकाने बोरू खाली ठेवला. आयुष्यात एकदाच आक्काने त्याच्याकडे काही मागितलं होतं, आणि जे मागितलं नेमकं तेच त्याने बोटाखालून सरकवलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या रिकाम्या माळ्यावरही त्याने तोंड हाताने झाकून घेतलं. मग गुंडाळी उचलली आणि पायऱ्या दोन दोन करत तो धक्क्याकडे निघाला.

धाकटा एका उपड्या टोपलीवर बसून बोटीत माल चढताना बघत होता. माल चढवणाऱ्यांची पद्धत त्याला काही पसंत नसावी, तो मधूनमधून मान हलवत होता. दादाला बघून तो उठला.

“बस,” वाचक म्हणाला आणि धापा टाकत शेजारी बसला.

“गप्प का राहिलास? मावशीने तोंडावर विचारलं होतं तुला.”

“बोललो असतो तर तू सगळ्यांसमोर खोटा पडला असतास.”

“खोटाच होतो मी.”

“असशील,” धाकटा म्हणाला. “पण दादा, तू वाचत होतास! मी गेलो तेव्हा तुला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, मालकाच्या कागदावर फुली काढायचास. आक्काने सांगितलं, तुझा भाऊ वाचतो, तर मला खरं वाटलं नव्हतं. आज खिडकीत उभा राहून तू वाचायला लागलास आणि मी नुसता बघतच राहिलो. तू काय सोडलंस ते मला जरा उशिराच कळलं.”

वाचकाला रडू फुटलं. धक्क्यावर, हमालांच्या आणि नावाड्यांच्या देखत, पन्नास वर्षांचा तो धिप्पाड माणूस हमसून हमसून रडला. धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवावा की न ठेवावा अशा बेतात हात हवेतच धरला होता. वाचकाने तो ओढून आपल्या खांद्यावर घेतला.

“का गेलास रे?” जरा वेळाने त्याने विचारलं.

“एका बोटीत भाग मिळतोय म्हणून सांगितलं एकाने. म्हटलं, महिन्याभरात दुप्पट करून आणतो आणि तुला चकित करतो. बोट नव्हतीच.”

“मग परत का नाही आलास?”

“रोज उद्या येणार होतो,” धाकटा म्हणाला.

वाचकाने नाक पुसलं. “आणि ते पैसे? आक्काकडचे?”

“देत नाही ती. मागितले तर काठी उगारते.”

दोघंही हसले. अकरा वर्षांनी एकाच गोष्टीला हसले, आणि दोघांनाही ते इतकं बरं वाटलं की हसणं संपल्यावरही ते तसेच बसून राहिले. मग वाचक उठला. “चल. मला पत्र वाचायचंय.”

“पुढच्या आठवड्यात मंडळी जमेल तेव्हा…”

“पुढच्या आठवड्यापर्यंत माझं धाडस टिकायचं नाही. घरोघरी वाचतो.”

ते आधी लोहाराकडे गेले. लोहाराने तापलेला कोयंडा ऐरणीवर घेतला होता. “वाच, पण मी थांबणार नाही, लोखंड निवेल,” तो म्हणाला. वाचकाने घणाच्या ठोक्यांवर आवाज चढवून चौदा ओळी वाचल्या. प्रत्येक ठोक्याला त्याची ओळ चुकायची आणि धाकटा हळूच पुढचा शब्द सांगायचा. कोयंडा पाण्यात गेला, चर्र झालं, आणि लोहार म्हणाला, “म्हणजे सकाळी तू आम्हाला फसवलंस.”

“हो.”

“अक्षर येतं म्हणून.”

“हो.”

लोहाराने त्याला नीट न्याहाळलं. “बरं,” तो म्हणाला, हात पुसले आणि धाकट्याला मिठी मारली. धाकट्याच्या एकुलत्या एका बऱ्या सदऱ्यावर काजळीचे दोन पंजे उमटले.

तेलवाल्याकडे गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच वाचावं लागलं. तेलवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, आत जाऊन एक छोटा बुधला आणला आणि धाकट्याच्या हातात ठेवला. “हा घेऊन गेलास तरी चालेल,” तो म्हणाला.

सुईणमावशी कामावर होती. गल्लीच्या टोकाला एका घरात बाई अडली होती. निरोप गेल्यावर मावशी बाह्या वर केलेल्या अवस्थेतच दाराशी आली. “लवकर. पोर वाट बघणार नाही.” वाचकाने वाचायला सुरुवात केली. “मोठ्याने!” ती ओरडली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “अरे, जेवला नाहीस का? मोठ्याने!” शेवटी वाचकाने छाती भरून श्वास घेतला आणि असं वाचलं की समोरच्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या, दोन बायका हातातलं काम घेऊन उंबऱ्यावर आल्या आणि आतली अडलेली बाईसुद्धा घटकाभर ओरडायची थांबली. आपण भावाबद्दलचा मजकूर गाळला होता, हेही त्याने त्याच आवाजात सांगितलं. मावशीने सगळं ऐकलं. मग तिने धाकट्याचा कान धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. “तुझ्या जन्माच्या वेळी मीच होते तिथे. पायाकडून आलास. तेव्हाच म्हटलं होतं, हा सरळ वाटेने कुठेही पोहोचायचा नाही.” एवढं बोलून ती आत पळाली.

घराकडे येताना वाचकाला तरंगल्यासारखं वाटत होतं. आक्काचं देणं फिटलं होतं, भाऊ शेजारून चालत होता, ऊन छान पडलं होतं. आता फक्त घरी सांगायचं, बायको खूश होईल, जेवायला वाढेल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

बायको पडवीत ताग विंचरत होती. लोखंडी दात्यांतून एकेक जुडी ओढायची, झटकायची, बाजूला ठेवायची. दोघांना बघून ती थांबली नाही. वाचकाने उभ्यानेच चौदा ओळी वाचल्या, आता तर न अडखळता. तिने हातातली जुडी पुरी केली.

“चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली. “मिटलं का तुमचं?”

“मिटलं,” वाचक म्हणाला.

“चांगलं झालं.” तिने दुसरी जुडी घेतली आणि तशीच हातात धरली. “त्यात मी कुठे आहे?”

“म्हणजे?”

“बोट ठेवून दाखवा. मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं. मी कुठे आहे?”

वाचकाने खरोखरच बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून शोधायला लागला. तुझा भाऊ. तुझं जे नेलं. तू मोजले असतेस. चौदा ओळी संपल्या. ती कुठेच नव्हती. आक्कासारखी आक्का, तिलासुद्धा सुचलं नव्हतं.

“पैसे गेले तेव्हा सगळं गाव तुमचं सांत्वन करायला आलं,” ती म्हणाली. आवाज तिने अजिबात चढवला नव्हता. “बरोबरच आहे, तुमचे पैसे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक कोण फिरवणार म्हणून मी उठले, आणि अकरा वर्षं फिरवलं. हा खांदा आता डोक्याच्या वर जात नाही. केस विंचरताना मान खाली घालावी लागते मला. तुम्ही रोज दिवसभर माझ्याकडे तोंड करून चालता, आणि तुम्हाला ते कधी दिसलं नाही. पण खांद्याचं राहू दे. या घरात आले तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. तेरा वर्षं याला हाताने वाढलं मी. आणि जाताना ‘वहिनी, येतो’ एवढंसुद्धा म्हणाला नाही हा. ते तुमच्या कुठल्या हिशेबात धरलंय?”

धाकटा पुढे झाला. त्याच्या तोंडी पाठ असलेलं सगळं पत्र इथे काहीच कामाचं नव्हतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, कुठे चाललास. आणि तुझ्याशी मला खोटं बोलता आलं नसतं. म्हणून मागच्या दाराने गेलो. बाकी सगळ्याचं मी काहीतरी कारण सांगू शकतो. त्याचं नाही सांगू शकत. रोज आठवायचं ते.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हातातली जुडी तिने खाली ठेवली.

“मी चुकलो,” वाचक मागून पुटपुटला. “खांद्याचं… मी कधी विचारलंच नाही.”

“तुमचं सोपं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही मला वाचायला शिकवा. पुढच्या पत्रात काय काय गाळताय ते मला कळलं पाहिजे.”

“शिकवतो,” वाचक इतक्या घाईने म्हणाला की तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच.

“आणि माझं, वहिनी?” धाकट्याने विचारलं.

“तुला माफ केलं असं मी आज एका दमात म्हणणार नाही. मला नाही जमायचं ते. रोज थोडं थोडं म्हणेन, जमेल तसं. पण त्यासाठी तू रोज समोर असायला हवास.”

धाकट्याने बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले. “गाठोडं बोटीतच आहे माझं,” तो शेवटी म्हणाला. “तू काय म्हणशील ते ठाऊक नव्हतं, म्हणून उतरवलं नाही. बोट सुटायच्या आत पटकन घेऊन येतो.”

“तू नको,” ती म्हणाली. “हे जातील.”

वाचक धक्क्याच्या वाटेला लागला. पडवीच्या टोकाला पोहोचल्यावर त्याने वळून पाहिलं. तिने धाकट्याची बाही मुठीत घट्ट धरून ठेवली होती.